कोण उतरणार हाय का?

मोटार थांबवायची आणि आपण मात्र तिच्यात बसायचं नाही, असा माणूस मी आयुष्यात एकच बघितला. निपाणीहून बेळगावला जाणारी सर्व्हिस मोटार सकाळी आमच्या फाट्याला यायची आणि दुपार कलली की तीच परत निपाणीकडं जायची. दोन्ही वेळेला आप्पा सडकेच्या मधोमध उभे. अंगात बंडी, डोक्याला तांबडं मुंडासं, गुडघ्यापर्यंत धोतर आणि दोन्ही हात वर. मोटार करकचून थांबायची. धुरळा खाली बसायच्या आत आप्पा तिच्या अंगाला जाऊन भिडलेले असायचे. त्या मोटारीला खिडक्यांच्या काचा नव्हत्या, किंतानाचे पडदे होते. पडदा सारून आत तोंड घालायचं आणि विचारायचं, "कोण उतरणार हाय का?" मग तेच कानडीत, "यार इळीतिरी?" आणि मग एकेका बाईच्या तोंडाकडं नीट बघत बघत मागच्या बाकापर्यंत जायचं.

"अवो आप्पा, कोण न्हाय तुमचं. सोडा आता," ड्रायव्हर ओरडायचा.

"बघितल्याबिगर कसं कळंल?"

"मग बसा तरी आत. चला बेळगावला, फुकट नेतो."

"मी बसलो तर उद्या हात कोण करणार?"

बघून झालं की मोटारीच्या पत्र्यावर दोन थापा मारायच्या, बैलाच्या पाठीवर मारतात तशा. म्हणजे जा आता.

लढाईच्या वर्षांत तेल मिळेना, तेव्हा मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधली होती. ती एकदा थांबली की पुन्हा हलायला मागायची नाही, आणि आमचा फाटा नेमका चढावर. मग उतारू खाली उतरून ढकलायचे आणि आप्पांच्या नावानं शंख करायचे. आप्पाही त्यांच्याबरोबर खांदा लावायचे. एकदा निपाणीचे एक जाडजूड तंबाखूवाले घामानं निथळत म्हणाले, "बघितलंस न्हवं सगळ्यांस्नी? पटलं न्हवं, कोण न्हाय ते?"

"पटलं की," आप्पा म्हणाले. "बरं झालं, आज सगळीच खाली उतरली. आत अंधारात नीट दिसत न्हवतं."

हे ते का करायचे ते सांगते. पण ते सांगायचं तर आधी आमचं गाव सांगायला पाहिजे, आणि गावाच्या आधी आप्पांचं मडकं.

गाव हत्तरगीच्या पुढं, सडकेपासून आत. पाऊणशे उंबरा असेल नसेल. आगगाडी बघायची तर बेळगाव गाठावं लागे, मोटार बघायची तर फाट्यापर्यंत चालत यावं लागे. गावात येणारी चाकं म्हणजे बैलगाडीची. तीही पावसाळ्याचे चार महिने ओढ्याच्या पलीकडं सोडून यायची आणि बैल तेवढे हाकत आणायचे. त्यामुळं गावात कोण आलं, कोण गेलं, हे लपायचं नाही. तरीसुद्धा त्याची बारकाईनं मोजदाद ठेवणारा माणूस एकच.

आप्पा तरणेपणी टपालाची थैली घेऊन पळायचे. सडकेवर मोटारी नव्हत्या तेव्हाची गोष्ट. खांद्यावर थैली, हातात घुंगरांची काठी. पुढं ते काम सुटलं, पण चाल सुटली नाही. मारुतीच्या दर्शनाला निघाले तरी उशीर झालेल्या माणसासारखे जायचे. आणि अंतर विचारलं तर सरळ उत्तर म्हणून मिळायचं नाही.

"आप्पा, संकेश्वर किती लांब वो?"

"जाणार कोण? तू का तुझी बायको?"

"त्यानं काय हुतंय?"

"तू गेलास तर चार कोस. ती गेली तर कडंवर पोरगं, डोईवर बोचकं. मग सा कोस."

आता मडकं. दाराच्या मागं कोपऱ्यात असायचं, वर पळसाच्या पानांचं झाकण. त्यात चिंचोके. गावातल्या एकेका माणसाचा एकेक चिंचोका. बाळ जन्मलं की आप्पा मोठ्या चिंचेखाली जाऊन एक निवडून आणायचे, फडक्यानं पुसायचे आणि आत टाकायचे. कुणी वारलं की एक काढून ओढ्याच्या काठाला पुरून यायचे. आणि मुलगी लग्न होऊन गेली, तर तिचा काढायचे नाहीत. दगडावर एका अंगानं घासायचे, तपकिरी साल जाऊन आतलं पांढरं दिसेपर्यंत, आणि परत मडक्यात ठेवायचे. अर्धा काळा, अर्धा पांढरा. आम्ही मुली असले घासलेले चिंचोके खेळायला वापरायचो, म्हणून एकदा मी मडक्यात हात घातला होता. आप्पांनी रागावून नाही, घाबरून माझं मनगट धरलं. म्हणाले, "ठेव बाळे, ठेव. ती हौसाक्का हाय. लांब दिलीया."

आमच्या गावात घोंगडी विणणाऱ्या धनगरांची दोन घरं होती. घोंगडीला चिंचोक्याची खळ लावतात. त्यातला एक जण आप्पांच्या मागं लागायचा, "आप्पा, मडकंभर चिंचोकं नुसतं पडून हायत. द्या की, खळ शिजिवतो."

"गाव शिजिवतोस व्हय रं? त्यात तूबी हाईस!"

एकदा सरकारी शिरगणती आली. शाळेचे मास्तर उंबऱ्या-उंबऱ्याला जाऊन माणसं लिहून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी आप्पा मडकं काखेत मारून चावडीत हजर.

"मास्तर, तुमचा आकडा कमी आलाय."

"कोण राहिलं?"

"नांदाय गेलेल्या लेकी ऱ्हायल्या."

"आप्पा, त्या त्यांच्या सासरच्या गावात धरल्यात."

"तितं त्यांस्नी सून म्हणून धरल्या. लेक म्हणून कुठं धरल्या?"

मास्तर चांगला माणूस. त्यांनी कागद पुढं-मागं करून बघितला. त्यात तसला रकाना नव्हता. शेवटी म्हणाले, "तुमच्या मडक्यात आहेत ना? मग झालं." आप्पांना ते पटलं नाही. मडक्याला वर काही सांगायची सोय नसते, आणि मोटार कुठं थांबणार, शाळा कुठं होणार, हे सगळं कागदावरून ठरतं, हे टपाल वाहिलेल्या माणसाला चांगलं ठाऊक होतं.

पण आप्पांचा खरा वेडेपणा लग्नात दिसायचा. मुलगी सासरी निघाली की बायका तिच्या कानात सांगतात, सासूचं ऐक, वर तोंड करू नको. आप्पा गाडीच्या चाकाबरोबर फाट्यापर्यंत चालत यायचे आणि तिला परत यायची वाट सांगायचे. सगळ्या खुणा उलट्या क्रमानं. "जाताना गाडीवान बघंल. तू येतानाचं ध्यानात ठेव. पूल वलांडला की पाणी पिऊन घे, म्होरं गोडं पाणी न्हाय. मग तीन उंबर लागतील, तितं सावलीला बस. मग वाटा दोन फुटत्यात, डावी आपली. डावी, म्हन बघू?"

मुलगी रडत रडत म्हणायची, "डावी."

वरपक्षाची माणसं उखडायची. "आरं, पोरगी नांदाय चाललीया आन् ह्यो म्हातारा परत याची वाट सांगतोय! अपशकुनी कुठला!" मुलीचे बाप हात जोडून, "जरा येडं हाय, मनावर घेऊ नका," म्हणायचे. आप्पांना ऐकू यायचं. ते आपले पुढचं झाड दाखवायचे.

माझ्या लग्नातही हेच झालं. मला दिली निपाणीच्या पलीकडं, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. माझे वडील मी लहान असतानाच गेलेले, आणि पाठीवर भाऊ नाही. घरात आई एकटी. आप्पांनी मला तवंदीच्या घाटापासून आमच्या दारापर्यंत सगळी वाट पाठ करून घेतली, फाट्यावर दोनदा म्हणून घेतली. तेव्हा लाजेनं मान वर होत नव्हती. पण पुढं चार वर्षं जात्यावर बसले की ओव्यांच्या ऐवजी तेच माझ्या तोंडात यायचं. पूल, पाणी, तीन उंबर, डावी.

चार वर्षं मला माहेर नव्हतं. सासरची माणसं वाईट होती असं मुळीच नाही. पण सुनेला न्यायला मुराळी यावा लागतो, माहेरचा माणूस, गाडी घेऊन. मुराळी आल्याशिवाय सून पाठवली तर लोक म्हणतात हाकलली, आणि ती आपली आपण गेली तर म्हणतात पळाली. भाऊ असलेल्या मुली सणाला जायच्या. मी उंबऱ्यात बसून त्यांच्या गाडीच्या घुंगरांचा आवाज लांब जाईपर्यंत ऐकायची. आईचं तोंड आठवायला मला मन लावून बसावं लागायचं. आधी तिचं कुंकू नसलेलं कपाळ आठवायचं, मग हळूहळू बाकीचं.

इकडं आप्पांनी मोटारीचं मनावर घेतलं होतं. मोटार आमच्या फाट्यावरून जायची, पण थांबायची नाही. ते चालत निपाणीला गेले. मोटारीचा एजंट स्टँडावर टेबल टाकून बसायचा.

"आमच्या फाट्याला मोटार थांबवा."

"गावात माणसं किती?"

आप्पांनी मडकं टेबलावर ठेवलं. हे सगळं मला पुढं ड्रायव्हरनं सांगितलं, तो तिथंच चहा पीत बसला होता. एजंटानं आत बोट घालून बघितलं. "आन् ही अर्धी पांढरी कसली?"

"नांदाय गेलेल्या लेकी."

"मग त्या गावात न्हाईत की, आप्पा! गावात हायत तेवढी सांगा."

आप्पा म्हणाले, "सायेब, जो गावात हाय त्यो घरात हाय. त्याला मोटार कशाला? जो गावात न्हाय, त्यालाच मोटार लागती."

एजंट बराच वेळ हसला म्हणे. हसून झाल्यावर म्हणाला, "तुमच्या लक्ष्मीची जत्रा कधी हाय? त्या दिवशी मी सोता मोटारीत बसून येतो. बघतो तुमच्या फाट्याला किती लेकी उतरत्यात. उतरल्या तर थांबा कायम."

लक्ष्मीची जत्रा आमच्याकडं दरवर्षी नसते, काही वर्षांनी भरते, आणि तेव्हा गावच्या झाडून सगळ्या लेकी येतात. आप्पांनी गावात घरोघर सांगितलं, या वर्षी बहिणींना आणायला गाड्या जोडू नका, त्यांना मोटारीनं येऊ द्या, म्हणजे मोटार कायमची थांबेल. सगळे म्हणाले, व्हय आप्पा. मग आप्पा जुनी घुंगरांची काठी घेऊन लेकींच्या गावांना निघाले. पंधरा दिवस फिरले. दारात उभं राहून सांगायचं, "जत्रेच्या दिशी सकाळच्या मोटारीनं या. फाट्याला उतरा." पाणी प्यायचं, पुढचं गाव.

माझ्या सासरी मात्र ते नुसते सांगायला आले नाहीत. हातात नारळ, डोक्यावर आईनं दिलेली शेंगापोळ्यांची बुट्टी. पायांवर मांडीपर्यंत धूळ. सोप्यात येऊन बसले आणि म्हणाले, "मूळ घिऊन आलोय. जत्रंला लेकीला न्यायला."

मी दाराच्या आड उभी होते. पोळ्यांचा वास आला आणि आईचं तोंड मन न लावताच आठवलं.

सासूबाईंनी बाहेर डोकावून बघितलं. "गाडी कुठं हाय?"

"गाडी निपाणीच्या स्टँडातनं सुटती. परवा सकाळी. चार चाकांची हाय."

"आन् तुम्ही हिचं कोण? चुलतं का मामा?"

"चुलता न्हाय, मामा न्हाय. मी हिच्या गावचा."

"गावचा म्हंजे? गावचं काय कोणबी येतंय."

"हिचा चिंचोका माझ्यापाशी हाय," आप्पा म्हणाले.

सासूबाईंनी सासऱ्यांकडं बघितलं. सासरे तंबाखू मळत होते, त्यांचा हात थांबला. मग त्यांनी विचारलं, "एवढं लांब चालत आलायसा, तुमची कोण लेक हाय का इकडं?"

"ह्या वाटंला न्हाय," आप्पा म्हणाले.

सासरे उठले, स्वतः तांब्या भरून आणला आणि आप्पांच्या पुढं ठेवला. सासूबाईंना म्हणाले, "नारळ हाय, बुट्टी हाय, माणूस हाय. मूळ म्हंजे आणि काय असतंय? पाठवा तिला."

"पर एकटी मोटारीतनं? तुम्ही तरी संगं बसा की, आप्पा."

"मी बसलो तर फाट्यावर हात कोण करणार? मोटार म्होरं जाईल की निघून. मी फाट्यावर हुबा असतो." भाकरी खाल्ली आणि आल्या पावली चालायला लागले. दीड दिवसाची वाट होती, त्यांना माझ्या आधी पोचायचं होतं.

जत्रेच्या सकाळी आमच्या ह्यांनी मला निपाणीच्या स्टँडावर आणून मोटारीत बसवलं. पुढं ड्रायव्हरच्या बाजूला कोट घातलेला एजंट. मी पहिल्यांदाच मोटारीत बसत होते. मी वाट पाठ केली होती ती पायांची. घाट म्हणेपर्यंत घाट गेला, पूल म्हणेपर्यंत पूल मागं. तोंडातली खूण संपायच्या आत पुढची येऊन निघून जायची. मला वाटलं, आपण फाटा ओळखायच्या आत मोटार बेळगावला पोचणार आणि मी तिथं परक्या गर्दीत उतरणार. मी पडदा मुठीत घट्ट धरून ठेवला.

संकेश्वर मागं पडलं आणि पुढं सडकेवर बैलगाड्या दिसायला लागल्या. एकामागं एक. रंगवलेली शिंगं, गोंडे, झुली. ड्रायव्हर भोंगा वाजवत एकेक गाडी मागं टाकत होता, आणि मी बघते तर काय, पहिल्या गाडीत माझी मैत्रीण, तिच्या मांडीवर पोर, पुढं तिचा भाऊ कासरा धरून. दुसरीत कासाराची सून झालेली आमची शेजारीण. तिसरीत, चौथीत, सगळ्या आमच्याच गावच्या. त्या मला हात करत होत्या. मी मोटारीत मागं वळून बघितलं. तंबाखूच्या बोजांजवळ चार पुरुष झोपा काढत होते. बाई मी एकटीच.

भाऊ सगळे 'व्हय आप्पा' म्हणाले होते आणि तसं ते मनापासूनच म्हणाले होते. पण जत्रा जवळ आली तसा एकेकाला राहवेना. बहिणीला आणायला गाडी जोडायची नाही, तर बैल पाळलेत कशाला? एकानं शिंगं रंगवली म्हणून दुसऱ्यानं रंगवली. आप्पा गावात नव्हतेच, लेकींच्या गावांना फिरत होते.

फाट्यावर आप्पा दोन्ही हात वर करून उभे होते. बाजूला हलगीवाला. बायकांनी पाण्याच्या घागरी भरून ठेवल्या होत्या उतरणाऱ्या लेकींसाठी. मोटार थांबली. मी बोचकं घेऊन खाली उतरले. हलगी वाजली, आणि दुसरं कुणी उतरेना तशी हळूहळू बंद पडली.

एजंट खाली उतरून कोट झटकत म्हणाला, "काय आप्पा, एकच? मडक्यात तर लई हुत्या."

मी आप्पांचे पाय बघत होते. बोटांच्या मधे रक्त वाळलं होतं. पंधरा दिवस चाललेले पाय ते.

तेवढ्यात मागं टाकलेल्या गाड्या येऊन पोचल्या. घुंगरांचा एवढा आवाज झाला की बोलणं ऐकू येईना. वीस-पंचवीस गाड्या, मोटारीनं सडक अडवलेली म्हणून सगळ्या तिच्या मागं खोळंबल्या. भाऊ लोकांनी आप्पांना बघितलं आणि त्यांच्या माना खाली गेल्या.

आप्पांनी गाड्यांकडं हात केला. "सायेब, त्या बघा माझ्या लेकी. आकडा खोटा न्हवता."

"व्हय, पर त्या मोटारीनं कुठं आल्या?"

"त्यांस्नी भाऊ हायत. म्हणून गाडीनं आल्या." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हिला भाऊ न्हाय. चार वर्सं झाली. मोटार त्यांच्यासाठनं नगो. हिच्यासाठनं थांबवा."

एजंटाचं हसू मावळलं होतं. पण तो म्हणाला ते खरंच होतं, "एका बाईसाठी थांबा देता येत न्हाय, आप्पा. मालक मला इचारणार."

ड्रायव्हर मोटारीतच बसून होता. तो निपाणीचाच, दाढीवाला, तोंडानं फटकळ. तिथूनच म्हणाला, "सायेब, थांबा ऱ्हाऊ दे. पर म्हाताऱ्यानं हात केला तर? हात केलेल्या माणसाला टाकून म्होरं कसं जायाचं?"

एजंट मोटारीत चढत म्हणाला, "हात केला तर थांबव. न्हाय केला तर न्हाय."

"ऐकलं का आप्पा?" ड्रायव्हर म्हणाला. "रोज हात कराय पायजे. हाय का तयारी?"

"रोज व्हय?" आप्पा म्हणाले. "मला काय काम हाय दुसरं?"

ड्रायव्हरला वाटलं, आठ दिवसांत म्हातारा कंटाळेल. पुढं अकरा-बारा वर्षं तो त्यांच्या नावानं ओरडत होता.

त्या दिवशी आप्पा माझं बोचकं घेऊन पुढं चालले आणि मी मागं. दारात आई उभी होती. ती माझ्या दंडावरून हात फिरवत राहिली, आणि मग आप्पांना म्हणाली, "शेंगापोळ्या खाल्ल्या का तुम्ही तरी?" ते म्हणाले, "हिच्या सासऱ्यानं दोन वाढल्या. मीठ जरा जास्त झालंय."

दुसऱ्या दिवशी दळायला बसलो होतो, तेव्हा मी आईला सासऱ्यांच्या प्रश्नाचं सांगितलं. आप्पा 'ह्या वाटंला न्हाय' का म्हणाले? आईनं जात्याचा खुंटा सोडला.

आप्पांना एक मुलगी होती. मला ते माहीतच नव्हतं, मी जन्मायच्या आधीचं. हुक्केरीच्या पलीकडं दिली होती. तिला निरोप देताना आप्पा सगळे बाप म्हणतात तेच म्हणाले, नीट नांद. पहिल्याच वर्षी तिला माहेरची ओढ लागली आणि ती एकटीच निघाली. वाटा फुटतात तिथं चुकली. दिवसभर चालून एका परक्या गावात पोचली. तिथल्या लोकांनी भल्या मनानं तिला जेवू घातलं आणि सासरी नेऊन सोडलं. त्यानंतर सासरच्यांनी तिला पाठवायचंच बंद केलं. आप्पा तेव्हा रोज टपाल घेऊन दुसऱ्याच दिशेला पळत होते. सवड काढून गेले तर घराला कुलूप. सगळं घर लोंढ्याकडं रेल्वेच्या कामावर गेलं म्हणाले. आप्पा लोंढ्याला गेले. तिथं कळलं, ती टोळी पुढं गेली. पुढं म्हणजे कुठं, ते कुणाला सांगता येईना.

"साऱ्या मुलखाची पत्रं वाहिली त्यानं," आई म्हणाली. "त्याला एक आलं न्हाय. तिला लिवाय कुठं येत हुतं?" मग पुन्हा खुंटा धरला. "कुणी जरी तिला म्हनलं असतं ना, की डावी आपली..."

त्यानंतर मी वर्षाला एकदा तरी माहेरी यायची, मुराळ्याशिवाय. माझं बघून आणखी दोघी-तिघी भाऊ नसलेल्या यायला लागल्या. पडदा सरायचा, तांबडं मुंडासं आत यायचं. "कोण उतरणार हाय का?" मी म्हणायची, "मी हाय आप्पा." त्यांचं तोंड उजळायचं. पण माझ्याशी बोलता बोलता ते मागच्या बाकांकडं बघायचेच. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. एकदा मी धीर करून विचारलं, "आप्पा, बघितलीत तर वळखाल का आता?" ते म्हणाले, "मी न्हाय वळखायचो, गं. पर मी इचारलं म्हंजे ती तरी आवाज वळखंल."

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आदल्या हिवाळ्यात मी धाकट्याला कडेवर घेऊन येत होते. कोळशाची भट्टी गेली होती, मोटार नवी होती, ड्रायव्हर तोच, दाढी पांढरी. तीन उंबर गेले. मी पडदा सारून पुढं बघितलं. फाट्यावर कुणी नव्हतं. सडक नुसती मोकळी.

मोटार हळू झाली आणि थांबली. ड्रायव्हरनं यंत्र बंद केलं. कुणी उतारूनं विचारलं, "का थांबवली?" ड्रायव्हर मागं वळला, आणि एकेका बाईच्या तोंडाकडं बघत त्यानं विचारलं, "कोण उतरणार हाय का?" मी मोकळ्या सडकेकडंच बघत राहिले. मग त्यानं कानडीत विचारलं. "यार इळीतिरी?"

"मी हाय," मी म्हटलं.

मी उतरताना तो म्हणाला, "चार दिस झाले, आक्का. कोण हात करीना. मी आपला थांबिवतोय."

त्यानं पुढं कधी थांबायचं सोडलं नाही, आणि त्याच्यानंतर जे आले त्यांना ते तसंच ठाऊक झालं. मग सरकारी गाड्या आल्या, थांबा झाला, पाटी लागली. आता गावात दारापर्यंत गाडी येते, तरी मी फाट्यालाच उतरते. आप्पा वारल्यावर मडकं आईनं आणून आमच्या दारामागं ठेवलं होतं. आईनंतर ते मी आणलं. त्यातला आप्पांच्या मुलीचा चिंचोका कुठला, ते आम्हा दोघींनाही ओळखता आलं नाही. सगळ्याच लेकींचे सारखे घासलेले.

अजूनही मी फाट्याला उतरले की लगेच चालायला लागत नाही. कंडक्टर घंटी मारतो, म्हणतो, "आज्जी, बाजूला व्हा." मी खिडक्यांतून एकदा आत बघून घेते, पुढून मागपर्यंत. ती असली तर माझ्याहून किती तरी मोठी असेल, आणि नसेलच, हे मला कळतं. पण एखादी म्हातारी मागच्या बाकावर बसून हेच का आपलं गाव म्हणून बघत असली, तर हेच बाई, उतर, असं तिला सांगायला कुणीतरी उभं असायला पाहिजे.